वयाचा रकाना

बाकीच्या सगळ्या केसेस मी ठाण्यातच ठेवून आलो. रुस्ताकच्या त्या मुलाचं प्रकरण मात्र माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून इथंच आहे.

आधी माझं सांगतो. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं. साहेब लोक परीक्षा देऊन वर येतात, मी बीट चालून वर आलो. अक्षर चांगलं, म्हणून जिथे बदली झाली तिथे जबाब लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या हातचा जबाब कोर्टात कधी फुटला नाही. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

निवृत्तीनंतर घरी बसवेना. जावई ओमानला, मस्कतजवळ बौशरला नोकरीला होता. त्याच्या ओळखीने तिथल्या एका बांधकाम कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. दोन हजार दहानंतरची ही गोष्ट, नेमकं साल लिहीत नाही. कुणाचं नावही लिहिणार नाही. गणवेश निळा होता आणि खांद्यावर फीत नव्हती, पण सगळे मला फौजदारच म्हणायचे. मीही म्हणू देत असे.

एके दिवशी सकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. हे पुण्याचे, शिकलेले, स्वभावाने वाईट नव्हेत.

"फौजदार, रुस्ताकच्या स्टोअरमधून कॉपर गेलं. एसीच्या पाइपांची बंडलं. अर्बाब भडकलाय. चला माझ्याबरोबर." अर्बाब म्हणजे मालक, तिथले ओमानी गृहस्थ.

"पोलिसांत कळवलं?"

"कळवायचंय, पण नुसती कंप्लेंट नको, नाव घेऊनच जाऊ या. नाहीतर कॅम्पातल्या साठ जणांना चौकशीला बसवतील आणि साइट बंद पडेल. शुक्रवारच्या सुट्टीआधी नाव मिळेल का?"

मी म्हटलं, "बघतो." मनात म्हटलं, मिळेल.

रुस्ताक बौशरपासून आतल्या बाजूला, दीडेक तासाच्या वाटेवर. डोंगराच्या पायथ्याशी कामगारांचा कॅम्प आणि त्याच्या मागे स्टोअर. भिंत ब्लॉकची, वर पत्रा. कुलूप शाबूत, दाराला धक्का नाही. घटनास्थळी गेल्यावर आधी हात मागे बांधावेत आणि एक फेरी मारावी, ही मला शिपाई असताना लागलेली सवय. फेरी मारली. मागच्या भिंतीला वर एक्झॉस्टचा पंखा होता. चार स्क्रूंपैकी दोनच जागेवर होते. शिडी आणवली, पंखा काढला आणि भोक हाताने मोजलं. एक वीत आणि चार बोटं. माझं डोकं आत जात होतं, खांदा जात नव्हता.

शिडीवरूनच मी खाली म्हटलं, "साहेब, ह्यातून पुरता पुरुष जात नाही."

"मग काय मांजर गेलं?"

"बारीक कुणीतरी आत गेलंय. बाहेर बंडलं घ्यायला दोघे तरी असणार."

हे माझं वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

दुपारी कॅम्पाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आचारी माझ्याच मुलखातला, मालवणाकडचा. तो कांदे चिरत होता. त्याला मी काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. चहा घेतला आणि पाय पसरून बसलो.

"फौजदारानू, तुमी जेवन जावा. आज सुरमय आसा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने आपणच बोलू लागला. "भात उरतलो आज. आमचो बारको तीन दिस जेवक नाय. नायतर तीन माणसांचो भात एकटो खाता. वरसाभरात पॅन्ट घोट्याच्या वर गेली तेची, कंपनी दुसरी देय नाय."

"कोण बारको?"

"तो एसीवाल्यांचो हेल्पर. हातार ओरखडे आसत तेच्या. इचारलंय तर म्हणता, मांजरान काढल्यान."

खबर अशी मिळते. आपण खबर देतोय हे देणाऱ्याला कळत नाही, तीच खबर खरी निघते. मी चहाचा पेला धुऊन ठेवला आणि सांगितलं, जेवणं आटपली की त्याला इकडे पाठव.

मेसमध्ये दोन बाकं समोरासमोर ठेवली. तो आला आणि दारात उभा राहिला. हडकुळा, लांब हातापायांचा, मान खाली. मी कंपनीच्या कार्डावरचं नाव वाचून हाक मारली. त्याची मान जरा उशिरा वळली. घाबरलेला माणूस ऐकत नाही, असं मी मनाशी धरलं.

मी मारलं नाही. छत्तीस वर्षांत कुणाला मारलंच नाही, असं खोटं लिहिणार नाही, पण तिथे हात लावला नाही. गुन्ह्याचं आधी विचारायचं नसतं. मी गावचं विचारलं, आणि आपल्या बोलीत विचारलं.

"खंयचो रे तू?"

"देवगडाकडचो."

"बापूस काय करता?"

"बापूस नाय."

"आवस?"

"आसा."

"हातार काय झाला?"

"मांजर."

"मांजर वरसून खाली ओरखडता. ह्ये आडवे आसत, पत्र्याचे."

तो गप्प राहिला. मीही राहिलो. गप्प बसता आलं की निम्मी चौकशी होते. मग सहज विचारावं तसं म्हटलं, "पंखो परत लावताना दोन इस्क्रू पडले काय रे?"

"काळोख होतो," तो म्हणाला.

आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी त्या वेळी मजेने पाहिलं. आता ती मजा आठवली की लाज वाटते. त्याचा हात धरून मी म्हटलं, "खरा सांग. मी आसंय. तुका काय होवचा नाय."

हे शब्द मी आजवर शेकडो जणांना म्हटले आहेत. गाववाल्याच्या तोंडून गावच्या बोलीत ते आले की माणूस वितळतो. तोही वितळला. परांचीवर काम करणाऱ्या दोघांनी त्याला भिंतीवर चढवलं होतं. बंडलं ओढ्याच्या कोरड्या पात्रात ताडपत्रीखाली होती. त्याला त्यातलं काही मिळणार नव्हतं.

"मग गेलंस कित्याक?"

"नाय गेलंय तर ते कंपनीक सांगतले होते."

"काय सांगतले?"

"काय नाय."

ही गाठ सोडवल्याशिवाय जबाब पुरा करायचा नसतो. हे मी नव्या पोरांना शिकवलेलं आहे. पण मला नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं. मी कोरा कागद घेतला आणि सवयीने वर लिहिलं, नाव, वय, धंदा, राहणार. वयाच्या जागी कार्डावर बघून लिहिलं, वय वर्षे बावीस. जबाब वाचून दाखवला आणि सहीला पेन दिलं. त्याने पहिलं अक्षर चुकीचं काढलं, ते खोडलं आणि मग सही केली. मी रागावलो, "स्वतःची सही येत नाय काय रे?"

संध्याकाळपर्यंत माल मिळाला. अर्बाब स्वतः आले, मला शेजारी बसवून खजूर आणि कॉफी दिली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "फौजदार, मान गये." तक्रार दाखल झाली, तिघांना पोलीस घेऊन गेले. गाडीत चढताना मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, काळजी करू नको. तो जबाब ऑफिसने अरबीत करून पोलिसांना दिला. त्या दिवशी मला चांगली झोप लागली. हे खरं आहे म्हणून लिहितो.

दहा-बारा दिवसांनी मला पोलिसांकडून बोलावणं आलं. तपास करणारा अधिकारी तरुण होता, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. हिंदी चांगली बोलायचा, तिथले पुष्कळ लोक बोलतात. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी लिहिलेला कागद समोर ठेवला.

"चाचा, आप पुलिस में थे ना?"

"छत्तीस साल."

"तो बताइए, लड़का आपको कितने साल का लगता है?"

"कार्ड पर बाईस है."

"कार्ड तो मैं भी पढ़ सकता हूँ," तो म्हणाला.

आवाज चढवून नाही, साधं म्हणाला. मला ते फार लागलं.

मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे अठराच्या आतल्या मुलांसाठी वेगळा कायदा आहे. मुलाला मोठ्या कैद्यांत ठेवत नाहीत. त्याची जागा वेगळी, त्याचं कोर्ट वेगळं, आणि निकालाच्या आधी समाजसेवेचं माणूस येऊन घरची हकीकत काढतं. मुलाला परत माणसांत आणायचं यासाठी तो कायदा आहे. पण हा तोंडाने बावीसच सांगतो, कार्डही बावीस सांगतं. बोलताना त्याचा आवाज मधेच फाटतो. दाढीला अजून वस्तरा लागलेला नाही. हाडांचा एक्सरे काढायला डॉक्टरांना सांगितलंय, पण नुसत्या एक्सरेवर हे तडीस जाईल का, याची अधिकाऱ्याला खात्री नव्हती. त्याला कागद हवा होता. नाही मिळाला, तर हा त्या दोघांबरोबर मोठ्यांच्या तुरुंगात जाणार.

"मेरे पास एक ही काग़ज़ है जो किसी अपने ने लिखा," तो म्हणाला. "उस पर भी बाईस है."

बौशरला येईपर्यंत मी तेच घोळवत राहिलो. कालचा पोरगा मला शिकवतो, असं डोक्यात होतं. दोन दिवस मी त्याच्यावर रागावून काढले. तिसऱ्या दिवशी जे आठवायचं नव्हतं ते आठवलं.

मी हवालदार होतो तेव्हाची गोष्ट. बाजारात दुकान फोडताना एक पोरगा सापडला. चौदा, फार तर पंधरा. मुलांचं रिमांड होम जिल्ह्याच्या गावी. त्याला तिथे न्यायचं म्हणजे सोबत माणूस द्या, एसटी बघा, पूर्ण दिवस घालवा. ठाण्यात त्या आठवड्यात बंदोबस्त होता, माणसं नव्हती. साहेब म्हणाले, "वय बघून घ्या." म्हणजे काय ते मला कळलं. अटकेच्या कागदावर मी लिहिलं, वय अंदाजे एकोणीस. असं तेव्हा सगळेच लिहायचे. 'अंदाजे' हा शब्द फार सोयीचा होता, त्यात काहीही बसायचं. त्या पोराच्या वतीने बोलायला कुणी आलं नाही. तो मोठ्यांच्या जेलमध्ये गेला. पुढे तो मला पुष्कळदा भेटला, दर वेळी वेगळ्या कलमाखाली. शेवटी शेवटी ठाण्यात आला की आपणच भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा मला म्हणाला होता, "हवालदार, तुमच्या हिशेबानं मी आता म्हातारा झालो असेन." सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

चौथ्या दिवशी मी रुस्ताकला गेलो आणि आचाऱ्याला समोर बसवलं. विचारलं, ह्या पोराचं खरं वय काय?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमका म्हायत नाय? अख्ख्या मेसाक म्हायत आसा. तो धाकलो भाव. नाव थोरल्याचा, पासपोर्ट थोरल्याचो."

"आणि थोरलो?"

"तो दर्यात गेलो. होडी उलाटली. पासपोर्ट आधीच करून ठेवललो, हय येवचो होतो तो. एजंटान आवशीक सांगितल्यान, तोंडवळो सारखो आसा, धाकल्याक धाडूया."

"माका आधी सांगूक काय झाला होता?"

"तुमी पोलीस," तो म्हणाला. "माका वाटला, तुमका दिसला असतला."

मग मला सगळं दिसलं. उशिरा वळलेली मान, सहीतलं चुकलेलं अक्षर, घोट्याच्या वर गेलेली पॅन्ट. बावीस वर्षांचा माणूस वर्षभरात उंच होत नाही. आणि ते भोक. पुरता पुरुष जात नाही, हे मी शिडीवर उभा राहून माझ्या तोंडाने म्हटलं होतं. ज्या मापाने मी त्याला चोर ठरवला, त्याच मापाने तो मूल होता. परांचीवाले दोघे कंपनीला काय सांगणार होते, तेही कळलं.

आचाऱ्याने त्याच्या आईचा फोन लावून दिला.

मी म्हटलं, "बाई, मी ओमानातसून बोलतंय. तुमच्या झिलाक पोलिसांनी धरलो हा."

 तिने विचारलं, "खंयचो झील?"

कुठला मुलगा, असं विचारलं तिने. ती अजून दोन मोजत होती.

"धाकलो," मी म्हटलं. मग काय हवं ते सांगितलं. धाकल्याचा शाळा सोडल्याचा दाखला. आणि थोरल्याबद्दल ठाण्यात तिचा जबाब, की तो होडीबरोबर गेला तो परत आला नाही. ही नोंद तिने कधी केलीच नव्हती. केली असती तर पासपोर्टचा उपयोग राहिला नसता, हे एक. आणि प्रेत मिळालं नव्हतं, हे दुसरं.

"दादानू, धाकलो सुटतलो?"

"सुटतलो असा सांगणय नाय. पण लहान म्हणान तेका बघतले. मोठ्यांच्या जेलात घालूचे नाय."

"आणि मी सही केलंय की थोरलो मेलो. असांच ना?"

दुसऱ्या कुणी काही गोड सांगितलं असतं. मला ते येत नाही, आणि खोटी आशा दिल्याचं फळ मी नुकतंच पाहिलं होतं. मी म्हटलं, "होय."

तिने फोन ठेवला.

नऊ दिवस तिने फोन घेतला नाही. मी रोज दुपारच्या सुट्टीत लावायचो. अधिकाऱ्याला सांगून ठेवलं होतं की कागद येतोय. तो म्हणायचा, "इन्शाल्ला, चाचा." एकदा म्हणाला, "जल्दी." तिच्या गावाकडच्या ठाण्यात माझ्या हाताखाली तयार झालेला एक जण आता हवालदार होता, त्यालाही सांगून ठेवलं होतं. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला.

"साहेब, बाई आली होती. तीन तास बाकावर बसली. दाखला पिशवीत होता. त्याआधी दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेली म्हणे, आमच्या पहारेवाल्याने पाहिलंय."

"सही केली?"

"केली. एक सांगतो, तुम्ही ओरडाल म्हणून आधीच सांगतो. मी मयत नाही लिहिलं, बेपत्ता लिहिलं. माझ्याच्याने लिहवेना."

मी ओरडलो नाही. कायद्याने तेच बरोबर होतं, पण त्याने ते कायद्यासाठी लिहिलं नव्हतं.

कागद रजेवरून परतणाऱ्या एका कामगाराच्या बॅगेतून आले. दाखल्यावरून तो चोरीच्या दिवशी सोळा पुरा होऊन सतराव्यात होता. म्हणजे ओमानला उतरला तेव्हा पंधरा. डॉक्टरांचा कागदही तेच म्हणत होता. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, मग माझा जबाब बाजूला सरकवला आणि म्हणाला, "खलास." पुढे काय करायचं ते त्याने केलं. मुलाला मोठ्यांतून काढून मुलांच्या जागी हलवलं. पासपोर्टचं प्रकरण होतंच, पण तेही मुलाचं प्रकरण म्हणूनच चाललं.

मला त्याला एकदाच भेटता आलं. तिथे एक बाई होत्या, समाजसेवेच्या, हिंदी मोडकंतोडकं बोलायच्या. मुलं तिथे काहीबाही शिकत होती, हा सुतारकाम शिकत होता. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले हफ्ते में अपना असली नाम सुनकर पीछे देखता था. जैसे कोई और खड़ा है."

तो आला. अंगावर धुतलेले कपडे होते, मापाचे. महिनाभर मोठ्यांत काढला त्यात काय झालं, ते मी विचारलं नाही. त्याने एकच विचारलं.

"आवशीन सही केल्यान?"

"होय."

तो रडला. मला वाटलं सुटल्याचं रडतोय. मी म्हटलं, "आता भिया नको." तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मी सांगूक नाय कोणाक. इतक्यांनी इचारल्यानी, सांगूक नाय. तेचा नाव होता मा चालता, बोलता. आता कायच ऱ्हवला नाय."

तुरुंगाच्या भीतीने नव्हे, भावाचं नाव चालू राहावं म्हणून तो बावीस वर्षांचा झाला होता. आणि तेच नाव मी एका दुपारी, गावच्या बोलीत, चोराच्या जबाबावर उतरवून घेतलं होतं.

उठताना तो म्हणाला, "तुमी सांगितलास, काय होवचा नाय." तक्रार म्हणून नाही म्हणाला. आठवण करून द्यावी तसं म्हणाला.

काही महिन्यांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाचा कागद करून गावी पाठवलं. परांचीवाले दोघे शिक्षा भोगून गेले असतील, मी चौकशी केली नाही. मी पुढे दीडेक वर्षं नोकरी केली आणि परत आलो. मॅनेजरसाहेबांनी निरोपाला सगळ्यांसमोर रुस्ताकची चोरी सांगितली, फौजदारांनी एका दिवसात उकलली म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथे काही बोललो नाही. ते आता बोलतोय.

गावी आल्यावर मी देवगडाकडे गेलो. घर सापडलं. आईने खुर्ची दिली, चहा दिला. भिंतीवर थोरल्याचा फोटो होता, पासपोर्टवरूनच मोठा केलेला. त्याला हार नव्हता. मी माफी मागायला गेलो होतो, पण मला ती मागता येत नाही, आयुष्यात मागितलेली नाही. मी कौलांचं विचारलं, पाण्याचं विचारलं. ती उत्तरं देत राहिली. माझ्याकडे रागाने बघत नव्हती, आणि नीट बघतही नव्हती.

मुलगा संध्याकाळी कामावरून आला. बाजारात फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात असतो. दारातून वाकून आत यावं लागलं त्याला, इतका वाढला होता. मला एसटीपर्यंत सोडायला आला. थांब्यावर दोघेच होतो. मी विचारलं, "माझो राग आसा?"

तो रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "तुमी माका सगळा इचारलास. गाव, बापूस, आवस, जेवण. वय इचारूक नाय."

"इचारला असता तर सांगलं असतंस?"

"नाय."

गाडी वळणावर दिसली. तो म्हणाला, "पण इचारूक होया होता."

गाडीत मला खिडकी मिळाली. नव्या पोलिसांना सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. जबाबाच्या वर चार गोष्टी असतात, नाव, वय, धंदा, राहणार. त्यातलं वय आपण कार्डावरून, दाखल्यावरून, नाहीतर अंदाजाने भरतो आणि खाली सरकतो, कारण गुन्हा खाली असतो. तिथे थांबावं. समोरच्याकडे बघावं. त्याला तोंडाने विचारावं, तो खोटं सांगणार असला तरी विचारावं. त्या जबाबाची कंपनीतली प्रत मी येताना मागून घेतली, ती ट्रंकेत आहे. वय वर्षे बावीस, माझ्याच चांगल्या अक्षरात. दुकान फोडणाऱ्या त्या पोराचा, अंदाजे एकोणीस लिहिलेला कागद मला आता मिळणार नाही, नाहीतर तोही शेजारी ठेवला असता.